लॅटिनमधली लाज

भाऊ : दार लोटून घे आधी. आई तुझ्या तपासणीच्या खोलीत पडद्यामागे कपडे बदलतेय. ऐकू जाईल तिला.

बहीण : जाऊ दे की! दादा, वर्षभर तू तिला पोटाच्या डॉक्टरकडे नेत होतास?

भाऊ : पोटात दुखतंय म्हणाली, म्हणून नेलं.

बहीण : ती ‘खाली दुखतंय’ म्हणाली. डॉक्टरसमोर ‘पोटात’ तू म्हणालास. आत्ताच तपासताना सांगितलं तिने मला.

भाऊ : मग काय सांगायचं होतं परक्या माणसाला? मुलगा आहे मी तिचा!

बहीण : शब्द सापडला नाही होय? शरीरशास्त्राचा कोश करतोस ना तू?

भाऊ : टोमणे नकोत. शब्द आहे. ‘पुडेंडम’ला, म्हणजे बाईच्या बाहेरच्या जननेंद्रियाला, मी ‘लज्जांग’ दिलाय. माझ्या मनाचा नाही. लॅटिनमध्ये त्याचा अर्थच मुळी ‘ज्याची लाज वाटावी ते’. जर्मन बघ, डच बघ. तिथलं हाडसुद्धा त्यांच्यात लाजेचं हाड आहे.

बहीण : वा! सगळ्यांनी मिळून लाज वाटून घेतली, मग आपण कशाला मागे राहा!

भाऊ : शब्दाचं मूळ मी बदलू शकत नाही.

बहीण : मूळ सांगतोस ना, मग सगळं सांग. लॅटिनमध्ये तो बाईपुरुष दोघांनाही होता. पुढे पुरुष अलगद सुटले आणि लाज राहिली बाईच्या पदरात. आता तर शरीरशास्त्रवाल्यांनीच आपल्या यादीतून तो काढून टाकलाय. घालशील हे तुझ्या कोशात?

भाऊ : तिथल्या मज्जातंतूच्या नावात आहे अजून. आणि तू मला भाषा शिकवू नकोस. तुझे निबंध मी लिहून देत होतो.

बहीण : नाही शिकवत बाबा. फक्त ऐक. गाठ आहे. योनीच्या तोंडाशी. तुकडा तपासायला पाठवतेय.

भाऊ : म्हणजे... ते आहे का?

बहीण : रिपोर्ट आल्याशिवाय नाही सांगता येणार. पण मला लक्षण बरं दिसत नाही. वर्षापूर्वी आणली असतीस, तर गाठ लहान असतानाच सापडली असती.

भाऊ : तिला नको सांगूस. पोटात गाठ आहे म्हण.

बहीण : अजून पोटातच?

भाऊ : अगं, लाजेने मरेल ती!

बहीण : लाजेपायीच मरायला टेकलीय, दादा! आणि ती लाज तिची कमी, तुझी जास्त.

भाऊ : तोंड सांभाळून बोल. रात्री-बेरात्री तिच्या उशाशी मी बसतो. तू कधी आलीस?

बहीण : बसलास ना उशाशी? मग एकदा तरी विचारायचंस, कुठे दुखतंय म्हणून!

आई : (पडदा सारून) पुरे झालं. दोघांचंही.

भाऊ : आई, तू बस आधी. काही नाही, पोटातच जरा...

आई : मी बहिरी नाही. पुढच्या तपासणीला मोठ्या दवाखान्यात नेणार कोण मला?

बहीण : मी रजा काढते, आई.

आई : तू नको. एवढी वर्षं हाच नेतो, हाच नेईल. काय रे, नेशील ना?

भाऊ : नेईन.

आई : तिथला डॉक्टर विचारेल, काय होतंय. काय सांगशील?

भाऊ : सांगेन मी बरोबर.

आई : मग आत्ता सांग. माझ्यासमोर.

भाऊ : आई, अगं...

आई : कुठे ते म्हण. फार दुखतंय रे मला.