बिनपंखाचा गादा

(प्रभादेवीचा समुद्रकिनारा, उन्हं कलती. खडकावर दोघी : गिरगावच्या प्राध्यापिका राजलक्ष्मी आणि लालबागची गिरणी कामगार शेवंती.)

राजलक्ष्मी : म्हणजे तो गादा समोर आला, आणि तुम्ही डोळे मिटलेत?

शेवंती : हात जोडले की डोळे मिटतातच ओ बाई.

राजलक्ष्मी : अहो, एवढंच तर पाहायचं होतं! पाठीवर पंख आहे की नाही. पंखवाले शिंशुक, म्हणजे डॉल्फिन, कुणालाही दिसतात. त्यांच्यातलाच हा बिनपंखाचा गादा श्वासापुरता वर येतो की गडप. मी एकटी कुठे कुठे पुरणार? म्हणून तर वरळीपासून दादरपर्यंत तुम्हा सगळ्यांना पाहायला सांगितलं.

शेवंती : सांगितलंत खरं. पण दादरचे अप्पा छत्रीखाली घोरतात, नि कोळीवाड्यातला कोंडीराम प्रत्येक लाटेला गादा म्हणतो.

राजलक्ष्मी : हसवू नका. रागावलेय मी. आता खात्रीचं कुणी पाहिलं नाही, तर कॉलेज म्हणणार, पुरे झालं हे खूळ.

शेवंती : रागवा. पण आमच्या घरची रीत हाय. गादा वर आला की हात जोडायचे, नि बाहेर गेलेल्या माणसाला सुखरूप आण म्हणायचं. बा तारवावर गेला की आय हेच करायची.

राजलक्ष्मी : आणि तुमचे गणपतराव अजून...

शेवंती : संयुक्त महाराष्ट्राच्या सत्याग्रहात आत गेलेत. मुंबई घेतल्याबिगर येत नाय म्हणाले. डोक्यावरची लाठीची जखम पण भरली नव्हती. मग मी काय बघू, पंख?

राजलक्ष्मी : चुकलं माझं.

शेवंती : पाणी कसं निजल्यागत झालंय, नाय?

राजलक्ष्मी : हो. मला कधी कधी वाटतं, आपणच पाण्याखाली बसलोय आणि तो वरून आपल्याला बघतोय. खरं सांगू? मी स्वतः एकदाही पाहिलेला नाही. हाडं पाहिली. बरणीतलं पिल्लू पाहिलं. जिवंत नाही.

शेवंती : अगो बाय माझे! नि मला रागावता?

राजलक्ष्मी : म्हणूनच. हेवा वाटला तुमचा.

शेवंती : बाई, हलू नका. त्या काळ्या खडकापल्याड.

राजलक्ष्मी : कुठे?

शेवंती : आला! श्वास ऐकलात? पाठ वळतेय... सपाट. धुतलेल्या पाट्यासारखी. पंख नाय बाई, नाय! तोंड बोथट, चोच नाय... परत आला... गेला.

राजलक्ष्मी : नक्की?

शेवंती : नक्की. पापणी पण लवली नाय माझी... अगो बाई. हात राहिले ओ जोडायचे! बघत बसले मी. आता ह्यांचं कसं व्हायचं?

राजलक्ष्मी : रडू नका.

शेवंती : जाऊ दे. तुम्ही तरी डोळे भरून बघितलात ना?

राजलक्ष्मी : नाही.

शेवंती : असं कसं? एवढा समोर होता!

राजलक्ष्मी : तुम्ही बघत होतात. म्हणून गणपतरावांसाठी हात मी जोडले.