बाजूचा खिसा

आजच्या समारंभाचे सन्माननीय अध्यक्ष, व्यासपीठावर बसलेले प्रमुख पाहुणे, आमच्या विभागाचे मोठे साहेब, तारेच्या गाडीवरचे माझे सोबती, आणि माझ्यासाठी वेळ काढून आलेल्या बंधुभगिनींनो,

माझ्याआधी जे बोलले त्यांनी माझं इतकं कौतुक केलं, की मी दोनदा मागे वळून पाहिलं, नक्की कुणाबद्दल चाललंय? तारेवरच्या माणसाला माइक देणं तसं धोक्याचंच. आम्हाला बोलायची सवय नसते. तेलविहिरीत खोलवर तार सोडायची, तिच्यावर दोन बोटं ठेवायची आणि खाली काय चाललंय ते ओळखायचं, एवढंच आमचं काम.

पाहुण्यांनी चहा घेताना मला विचारलं, "ते मँड्रेल मँड्रेल म्हणतात, ते असतं तरी काय?" साहेब, नवी विहीर स्वतःच्या जोरावर तेल वर फेकते. पुढे तिची ताकद कमी होते. नळीत तेल उभं असतं, पण त्याचं वजन तिलाच झेपत नाही. मग बाहेरून गॅस सोडायचा. तो नळीत शिरला की तेल हलकं होतं आणि वर चढतं. हा गॅस आत घेणारा व्हॉल्व्ह ज्या तुकड्यात बसतो, तो मँड्रेल. गंमत अशी, की व्हॉल्व्ह नळीच्या मधोमध बसवत नाहीत. मँड्रेलच्या पोटाला बाजूने एक कप्पा असतो, त्यात तो बसतो. मधली वाट मोकळीच राहते.

हे मी घरी आमच्या हिला समजावत होतो. ही शिवणकाम करायची. मशीन न थांबवता म्हणाली, "एवढं काय त्यात? बाजूचा खिसा. समोर लावला तर चालताना आडवा येतो, म्हणून शिवणीत लावायचा." झालं! त्या दिवसापासून आमच्या गाडीवर त्याला खिसा म्हणायला लागले. आजही म्हणतात. कुणी लावला हा शब्द ते बहुतेकांना माहीत नाही, म्हणून आज सांगून ठेवतो.

विहीर तरुण असते तेव्हा व्हॉल्व्हची गरज नसते. पण खिसा रिकामा ठेवता येत नाही, नाहीतर नको तेव्हा गॅस आत घुसतो. म्हणून तिथे एक भरीव पोलादी कांडं बसवतात. ते काही करत नाही, जागा धरून बसतं; विहीर थकली की तार सोडून ते काढायचं आणि तिथे व्हॉल्व्ह बसवायचा. आमच्यात त्याला मुका म्हणतात. हसू नका! म्हणजे हसा, पण पुढचं ऐका. लग्नाला फार दिवस झाले नव्हते. मी गाडीवरून घरी फोन केला, "जेवायला थांबू नकोस. दोन मुके बाकी आहेत, ते आटपले की येतो."

पलीकडे खडखडणारं मशीन थांबलं. मग आवाज आला, "कुणाचे?"

शेवटी भंगारातला एक मुका घरी नेऊन दाखवला, तेव्हा कुठे मिटलं. मोठे साहेब, भंगारातलाच होता, आता कान धरू नका. हिने तो ठेवून घेतला. कापड बेतताना सरकू नये म्हणून वर ठेवायची. त्याच्यावरून मला चिडवायची संधी तिने एकदाही सोडली नाही.

ती गेली. तुमच्यापैकी बरेच जण तेव्हा आला होतात. त्यानंतर मला घरी एकट्याला राहायला नको वाटायला लागलं. खोटं कशाला बोलू? सुट्टीच्या दिवशीसुद्धा मी काही ना काही निमित्त काढून यार्डात यायचो, तुम्हाला वाटायचं काय कामसू माणूस आहे. मशीनवर झाकण घातलेलं आहे. सकाळी केलेला चहा मी उभ्यानेच पितो. कधीकधी दिवसातलं पहिलं वाक्य मी इथे फाटकावरच्या पहारेकऱ्याशी बोलतो. उद्यापासून ते फाटकही नाही. मला त्याची भीती वाटते. निरोपाच्या भाषणात असं बोलायचं नसतं म्हणे. मग कधी बोलायचं?

एक विनंती करतो, आणि ती आपल्याच भाषेत करतो. गाडीवरच्यांना माहीत आहे, तार खाली जाताना खिसा सापडत नाही. तारेच्या टोकाचं हत्यार त्याच्यावरून सरळ घसरून जातं. आधी खिशाच्या खाली जायचं, मग हळूच वर ओढायचं, तेव्हा ते अडकतं, वळतं आणि बाजूला झुकतं. तुम्ही वाटेत भेटाल, विचाराल, "काय, बरं आहे ना?" मी म्हणेन, "उत्तम." मला तेच म्हणायची सवय आहे. त्यावर लगेच निघू नका. दोन पावलं जा, मागे वळा आणि पुन्हा एकदा विचारा. दुसऱ्यांदा विचारलंत तर मी खरं सांगेन.

अध्यक्षमहाराज घड्याळाकडे पाहत नाहीत, हा त्यांचा मोठेपणा. ही शाल, हा हार, हे सगळं ज्यांनी जमवून आणलं त्यांचे मनापासून आभार. बोलण्याच्या भरात कुणाचं नाव राहिलं असेल, कुणाला काही लागलं असेल, तर म्हातारपणाच्या खात्यावर टाका आणि पोटात घाला.

आणि हो. पुढच्या रांगेत एका खुर्चीवर कुणीतरी प्रेमाने 'कुटुंब' असं लिहून चिकटवलंय. निमंत्रण सहकुटुंब होतं, त्यामुळे चूक कुणाचीच नाही. रिकामी बरी दिसेना म्हणून मी तिच्यावर माझी पिशवी ठेवलीय. पिशवीत तो मुका आहे. मी आता खाली येतोय, तोवर कुणीतरी तो उचला आणि तिथे बसा.