कुरुंदवाडचा शिक्का

—न्हाय काका, ते बाजूला नका टाकू. बाकीचे सगळे तिकिटांचे अल्बम न्या तुमच्या क्लबच्या प्रदर्शनाला, पप्पांचीच इच्छा होती ती, पण तेवढं एक पाकीट इकडं द्या. त्याला किंमत न्हाय ते कळतंय की मला — साधं पाच रुपयांचं तिकीट, त्यावर रोजचाच गोल शिक्का. फर्स्ट डे कव्हर म्हणजे नवं तिकीट निघालं त्याच दिवसाचा शिक्का पाहिजे, एवढं येतं मला. सातवीपासून पप्पांच्या शेजारी बसून पाण्यात तिकिटं सोडवलीत. पप्पा म्हणायचे, तिकीट कुठंबी मिळतं, शिक्का मात्र त्या गावात, त्या दिवशी, स्वतः जाऊन उभं राहिलं तरच मिळतो. एकदा गगनबावड्याला गेलते भर पावसात, शिक्क्यापायी. आठवडाभर खोकत होते. आई म्हणाली, खोकल्यावरबी एक मारून आणायचा की.

तर वाचा ह्याच्यावरचं. गाव? कुरुंदवाड. तारीख? बारा फेब्रुवारी, व्हय, ह्याच वर्षीची. माझं लग्न झालं ते गाव, झालं ती तारीख. आणि पप्पा लग्नाला आले न्हाईत.

मी माझं जमवलं म्हणून. मुलगा चांगला, घर चांगलं, पण मी विचारलं न्हाय, नुसतं सांगितलं — तेवढ्यावर चार महिने बोलणं बंद. समोरासमोर जेवायला बसायचो आणि मीठ आईमार्फत मागायचो. लग्नादिवशी सकाळी आईला म्हणाले, बँकेत पेन्शनचं काम हाय, तुम्ही व्हा पुढं. सासरी आम्ही सांगितलं, बीपी वाढलंय. सासूबाई बिचाऱ्या नंतरबी विचारायच्या, बीपी कसं हाय ओ त्यांचं. मी म्हणायचे, बरं हाय. फोनची वाट बघत बसले तीन महिने, तेबी बसले असतील. मग मे महिन्यात अटॅक आला, दहा मिनिटांत गेले. दिवस झाल्यावर अल्बम आवरायला घेतले, तर शेवटच्या पानावर हे.

पत्ता बघा — पेन्सिलनं रेघ आखून लिहिलाय. सौ. संयोगिता विश्वजित माने. तोपर्यंत माझं नवं नाव कुणी लिहिलं नव्हतं काका, आधार कार्डावर तर अजून जुनंच हाय. आत? बघितलं की. पत्र न्हाय, कोरा पुठ्ठा. शिक्का नीट उमटावा म्हणून घालत्यात तसला. दोन एसट्या बदलून माणूस लेकीच्या लग्नाच्या गावात येतो आणि पुठ्ठा विसरत न्हाय.

आईला ठाऊक न्हाय हे, आत हाय ती, हळू बोलते. तिला कळलं तर विचारेल, आलते व्हय, मग कुणाला दिसले कसे न्हाईत? — मला दिसलेते. पोस्ट ऑफिस लग्नाच्या हॉलच्या समोरच. अंतरपाट धरलेला, मंगलाष्टका चाललेल्या, मी सहज दाराकडं बघितलं तर रस्त्यापलीकडं पायरीवर पप्पा. इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात पाकीट, फुंकर मारून शाई वाळवत होते. मग बघितलं त्यांनी माझ्याकडं. मी नुसती मान हलवली असती तरी आले असते. पण मला वाटलं, एवढं गाव गाठलंय, आता रस्ता तेवढा त्यांचा त्यांनी ओलांडावा. म्हणून मी नजर खाली केली. फोटोवाल्याला वाटलं, नवरी लाजली, तेवढ्यात त्यानं फोटो काढला. छान आलाय, घरात भिंतीवर लावलाय सासूबाईंनी. परत वर बघितलं तर पायरीवर कुणी न्हाय. घरी गेल्यावर मी मनाशी ठरवून टाकलं, दुसरंच कोणतरी असणार, पांढऱ्या शर्टाची माणसं काय थोडी हायत? — आणि तेच धरून बसले, हे पाकीट हातात येईपर्यंत—

आलेच आई. न्हाय, कुणाशी न्हाय, काका निघाल्यात. चहा नको त्यांना, गडबडीत हायत. — धरा पिशवी काका. या.