विमलबाईंची सोमवारची न्याहारी

अध्यक्षस्थानी बसलेले सन्माननीय महालकरी साहेब, व्यासपीठावरचे आमच्या शाळेचे हेडमास्तर, ज्यांच्या बदलीमुळे हा समारंभ ठेवावा लागला ते रेंजर साहेब, त्यांच्या पत्नी आणि आजच्या खऱ्या सत्कारमूर्ती सौभाग्यवती विमलबाई, सुप्याच्या पेठेतली वडीलधारी व्यापारी मंडळी, आणि मागे दाराशी अंग चोरून बसलेल्या वाडीवरच्या माझ्या बायांनो! जरा पुढे सरका. जाजम सगळ्यांसाठी अंथरलं आहे.

मी पार्वती. आमचं दुकान कुठं आहे ते सांगायला नको. तुमच्यापैकी निम्म्यांचं मीठ-तेल आमच्याकडूनच जातं. माझं शिक्षण खानापुरात चौथीपर्यंत झालं. बाईमाणसानं टेबलाशी उभं राहून बोलायचं, ही सुप्यातली पहिलीच खेप. आमच्या घरच्यांनी माझ्याकडून चार चांगली वाक्यं पाठ करवून घेतली होती. ती इथं उभं राहताच पार पळाली, तेव्हा आता जे तोंडात येईल ते ऐकून घ्या. महालकरी साहेबांनी थोडक्यात बोलायला सांगितलं आहे. साहेब, प्रयत्न करते.

रेंजर साहेबांच्या कामाबद्दल हेडमास्तर बोलले, ते सगळं खरंच आहे. पण बदली काय एकट्या साहेबांची होते? हुकूम साहेबांच्या नावाचा येतो आणि चूल बाईंना उचलावी लागते. विमलबाई बेळगावहून इथं आल्या तेव्हा पोटुशी होत्या. सोवळ्यातल्या घरची लेक, दहा माणसांत वाढलेली. इथं बंगल्याभोवती चारी बाजूंनी जंगल. साहेब पहाटे घोड्यावर बसून गेले की तिन्हीसांजेला परत. गोपाळ त्याच बंगल्यात झाला. त्यांनीच एकदा मला सांगितलं, "पार्वतीबाई, दिवसभर मी त्या तान्ह्याशीच बोलायचे. माझाच आवाज मला नकोसा झाला."

मग त्यांनी ठरवलं, इथल्या आयांना घरी बोलवायचं. दिवस निवडला सोमवारचा, कारण आपल्याकडे सोमवारी औताला बैल जुंपत नाहीत, बायांनाही थोडी उसंत असते. वेळ न्याहारीची टळून गेलेली आणि जेवणाची न झालेली. चार घास खायचे, पोरं अंगणात सोडायची आणि बोलायचं. एवढाच बेत. पण बोलावणं धाडलं कुणाबरोबर? जंगलखात्याच्या तुकाराम गार्डाबरोबर! तो बिचारा वाडीवाडीवर जाऊन सांगून आला, "लेकुरवाळ्या बायांनी सोमवारी बंगल्यावर यायचं."

साहेब, हसू नका. गार्ड दारात आला की वाडीवर पहिलं काय मनात येतं? आपल्या माणसांनी कुठं कुमरी केली असेल, रान जाळून नाचणी पेरली असेल, ते उघडकीला आलं. गडीमाणसं लपली आणि बायांना पुढं धाडलं, तेही रिकाम्या हातानं नाही. सोमवारी विमलबाईंनी दार उघडलं तर अंगणात बाया रांगेनं उभ्या. कुणाच्या काखेत कोंबडी, कुणाकडे मधाचं मडकं, कुणाकडे रानातल्या करांद्यांची, त्या कंदांची टोपली. पत्रावळी मांडलेल्या, पोहे निवायला लागलेले, आणि खाली कुणी बसेना. काशी नावाची म्हातारी पुढं होऊन म्हणाली, "बाईसायेब, आमी कायबी केल्यालं न्हाई. ही कोंबडी घ्या आन् आमास्नी सोडा."

विमलबाईंना रडावं की हसावं कळेना. त्या आत गेल्या, गोपाळला घेऊन आल्या, काशीच्या पुढ्यात धरलं आणि म्हणाल्या, "मला इथं कुणी नाही हो. म्हणून बोलावलं." एवढंच. काशीनं कोंबडी सोडून दिली आणि पोराला घट्ट धरलं. मी तिथंच होते. सोमवारचा माझा उपास, मी त्या टोपलीतले करांदे उकडून खाल्ले, कारण उपासाला ते चालतात. कोंबड्या दुपारपर्यंत बंगल्यात नाचत होत्या.

तेव्हापासून सोमवार कधी चुकला नाही. पेठेतल्या बाया पडवीत, वाडीच्या अंगणात, असं सुरुवातीला होतं. पुढं कुणी न सांगता दोन्ही पंगती जवळ सरकल्या. कुणाला दूध कमी, कुणाची पोर उशिरा बोलते, कुणाचा नवरा प्यायला लागला, सगळं त्या अंगणात निघायचं. घरी आम्ही ते सासूजवळ बोललो असतो का? आईजवळ बोललो असतो, पण आई खानापुरात.

एक बाई मात्र पायरीच्या वर कधी आली नाही. रुक्मा. तिची तीन लेकरं हिवतापानं गेलेली. आपल्यात रीत आहे, जिची पोरं वाचत नाहीत तिनं तान्ह्याच्या घरात पाऊल घालायचं नाही, बाळंतिणीनं तिची नजर चुकवायची. ती येऊन पत्रावळी लावायची आणि पाठ करून बसायची. विमलबाई ओटी भरायला गेल्या तर पदर आवळून धरला. "मला नगं. माझी समदी मातीत हायत. तुमचं लेकरू ल्हान हाय." बाईंनी पुष्कळ समजावलं, पण तिनं ऐकलं नाही. आणि खरं सांगायचं तर, आम्ही बाकीच्यांनीही तिला फार आग्रह केला नाही.

गेल्या श्रावणात गोपाळला ताप चढला. चालायला लागलेलं पोर. डॉक्टर हल्याळहून येईपर्यंत सगळं आटोपलं होतं.

मंडळी, निरोपाच्या समारंभात असं बोलू नये, कळतं मला. पण हे न बोलता विमलबाईंबद्दल मी काय बोलू?

मातीहून माणसं परत आली. अशा घरात चूल पेटत नाही, सोयऱ्याधायऱ्यांनी कडू घास आणायचा असतो. बाईंचे सोयरे सगळे बेळगावात. त्यांच्या जातीचं घर इथं एकही नाही. रस्त्यावर जाणत्यांची चर्चा सुरू झाली. कुणाच्या हातचं चालेल? कुणी रांधायचं? रांधलं आणि त्यांनी नाही घेतलं तर? सूर्य कलायला आला तरी चर्चा संपेना. मी दारात उभी होते, आत मुलाचे आईबाप सकाळपासून उपाशी होते.

तेवढ्यात रुक्मा आली. डोक्यावर पेजेचं मडकं. ती कुणाला विचारायला थांबली नाही. मागच्या दारानं, जिथं तिनं कधी पाऊल ठेवलं नव्हतं, तिथून सरळ आत गेली. म्हणाली, "बाई, मी रुक्मा. घास आणलाय. आता माझी नजर लागायला काय राह्यलं न्हाई. खावा." विमलबाईंनी तिच्या हातून पेज घेतली. साहेबांनीही घेतली. रेंजर साहेब, तुम्ही त्या दिवशी मान खाली घालून ती पेज संपवलीत, त्या दिवसापासून हे गाव तुम्हाला खऱ्या अर्थानं मानतं. जंगलातल्या तुमच्या कामाचं हेडमास्तरांनी सांगितलंच आहे.

पुढच्या सोमवारी आम्हाला वाटलं, झालं, न्याहारी मोडली. ज्या घरातलं मूल गेलं तिथं लेकुरवाळ्यांनी कसं जावं? आम्ही पेठेतल्या बाया घरीच बसून राहिलो. पण रुक्मा गेली, आणि एकटी गेली नाही. वाडीवाडीवरून तिनं अशा बाया आणल्या, ज्यांना आम्ही कधी बोलावलंच नव्हतं. ज्यांचं एक गेलं, ज्यांची दोन गेली, ज्यांच्या पदरी कुणीच उरलं नाही. ते कळल्यावर मीही चप्पल न घालता धावले. अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. सुप्यात अशा किती आया आहेत, हे आम्हाला त्या दिवशी कळलं.

तिथं एकेक बाई आपल्या गेलेल्या लेकराचं नाव घेत होती. माझी पाळी आली. माझी मंगल. सात वर्षं झाली, मी ते नाव घरात मोठ्यानं घेतलं नव्हतं. त्या अंगणात घेतलं आणि पोटभर रडले. आमच्या घरची माणसं समोर बसली आहेत, त्यांनाही हे आजच कळतंय. राग मानू नये.

विमलबाई, तुम्ही आम्हाला मैत्रिणी दिल्यात. पेठेतल्या बाईला वाडीवर मैत्रीण असते, हे माझ्या सासूबाईंना सांगितलं असतं तर त्यांनी माझ्या डोक्यावर थंड पाणी ओतलं असतं. न्याहारी आता आमच्या अंगणात होईल, येत्या सोमवारपासून. बोलावणं गार्डाबरोबर येणार नाही, मी स्वतः येईन. पायरीवर कुणी बसायचं नाही.

उद्या सकाळी तुमची गाडी लोंढ्याच्या वाटेला लागेल. परवाच्या सोमवारी तुम्ही सगळ्यांचा निरोप घेतलात, हसून घेतलात. पण मागाहून रुक्माला एका बाजूला नेऊन विचारलंत, "मी गेल्यावर गोपाळकडे कोण बघणार गं?" मी तिथंच भांडी आवरत होते. नदीकाठच्या ज्या माळावर वाडीची गेलेली पोरं ठेवतात, तिथंच त्याला ठेवलं आहे. रुक्मा म्हणाली, "बाई, एकलं हाय व्हय ते? माझी तिगं हायत की त्येच्या बाजूला. मी माझ्यांकडं जाती तवा त्येच्याकडंबी जाती. तुमी निवांत जावा."

तिला आज दोन शब्द बोल म्हटलं तर ती तयार झाली नाही. म्हणून तिचे शब्द मी इथं सांगितले.

मला बोलायची संधी दिली म्हणून अध्यक्ष महाराजांचे, जागा दिली म्हणून हेडमास्तरांचे आणि इतका वेळ शांत बसलात म्हणून तुम्हा सर्वांचे मी मनापासून आभार मानते. बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल, मोठ्यांचा मान राहिला नसेल, तर लेक समजून माफ करा. आणि विमलबाई, आमच्या या मुलखानं तुमचं लेकरू ठेवून घेतलं. ते काही आम्हाला परत देता येत नाही. तेवढी आमची चूक पोटात घाला.