सूनबाईला बांधून येते

माझं नाव वर लिहून घेतलंच आहे, पण गल्लीत ते कुणाला माहीत नाही, मला पडदेवाल्या काकू म्हणतात. वय वर्षे चौसष्ट, धंदा घरबसल्या पडदे व गाद्या-उशांच्या खोळी शिवणे, राहणार बाजारामागच्या चार मजली इमारतीत, तळमजला, मागची बाजू. आज पोलीस ठाण्यात समक्ष हजर असून विचारल्यावरून सांगते की,

वरील ठिकाणी मी आणि सूनबाई अशा दोघी राहतो. लिहून घेणाऱ्या हवालदारांनी "एकटी राहते" असं लिहिलं. मी हरकत घेतली. त्यांनी सांगितलं की कुत्रं माणसांत धरत नाहीत. मी म्हटलं, मग तिच्या छळाची तक्रार कशी धरलीत? त्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं आणि पाणी मागवलं. वाक्य तूर्त तसंच आहे.

आज सकाळी मी मशीनवर बसले असताना दार वाजलं. दार वाजलेलं सूनबाईला खपत नाही. ती टेरियर जातीची, पांढरी, एक कान तपकिरी, उंची माझ्या गुडघ्याच्या खाली, पण अंगात वारं भरल्यासारखी. दार उघडलं की पायांतून निसटते आणि मग बाजारभर माझी वरात. म्हणून मी आतून ओरडले, "थांबा हो जरा, सूनबाईला बांधून येते, नाहीतर पळून जाईल." बाहेर पोलीस आहेत हे मला ठाऊक नव्हतं. बाहेरून विचारणा झाली, "पळून का जाईल?" मी म्हटलं, "याआधी दोनदा गेलीय. दुसऱ्यांदा खाटकाच्या दुकानात सापडली." त्यानंतर हवालदारांनी दाराला खांदा लावला. आतली कडी तुटली आहे, ती भरून मिळावी.

सोबतच्या महिला शिपायांनी दोन्ही खोल्या, न्हाणीघर आणि पलंगाखाली पाहिलं व सून कुठे आहे असं दरडावून विचारलं. मी बोट दाखवलं. त्या वेळी सूनबाई मशीनच्या पायाला बांधलेली असून हवालदारांच्या बुटाची नाडी सोडत होती.

माझ्या वरच्या मजल्यावर नव्याने राहायला आलेल्या नर्सबाईंनी तक्रारीत जे लिहिलं आहे ते मला वाचून दाखवण्यात आलं. ते शब्द माझेच आहेत, मी नाही म्हणत नाही. "सूनबाई, आज तुला जेवण नाही" असं म्हटलं, कारण तिने उशीतला कापूस खाल्ला होता आणि एक दिवस पोट रिकामं ठेवा असं जनावरांच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. "न्हाणीघरात कोंडीन" असं रोज म्हणते, कारण इस्त्री तापलेली असते आणि हिला नेमका तेव्हाच टेबलावर चढायचा उत्साह. "आईबापांनी काही वळण लावलं नाही का" असंही म्हणते. ते कुणालाही म्हणता येतं.

हात मात्र कधी उगारला नाही. टेरियरला मारून काही साधतही नाही, तिला तो खेळ वाटतो. डॉक्टर म्हणाले होते, "काकू, हिला काम द्या, नाहीतर ती आपलं काम आपण शोधते." ते खरं आहे. पहिल्याच आठवड्यात तिने सोफ्यात उंदीर शोधला. उंदीर नव्हता, आता सोफाही नाही. तेव्हापासून मी तिचं खाणं कापडाच्या चिंध्यांत गुंडाळून घरभर लपवते, ती नाक लावून हुडकते. मशीनवरून रीळ पडलं की आणून देते, मोबदल्यात दुसरं पळवते. दोन्ही वेळेला कालव्याच्या कडेने तिला फिरवावं लागतं. माझे गुडघे गेलेत, पण ते तिला सांगणार कोण. माझे डॉक्टर म्हणतात त्या फिरण्यानेच ते अजून वाकतायत.

कुत्रीचं नाव सूनबाई का ठेवलं असं ठाण्यातल्या साहेबांनी विचारलं. माझा मुलगा नोकरीनिमित्त परदेशी असतो. जाण्याआधी त्याने लग्न केलं, ते मला नंतर कळलं. जायच्या दिवशी सून पहिल्यांदा माझ्या दाराशी आली. काखेत ही कुत्री होती. मुलगा रस्त्यावर गाडीत सामान धरून बसला होता. ती म्हणाली, "आई, दोनच महिने सांभाळा, हिचे कागद झाले की नेतो," आणि कुत्री माझ्या हातात देऊन म्हणाली, "येते हं." मी आत जाऊन चहाचं आधण वाढवलं. आपल्यात जाणारा माणूस येतोच म्हणतो, हे मला या वयात कुणी शिकवायला नको होतं, पण त्या दिवशी डोक्यातच आलं नाही. कप घेऊन बाहेर आले तर गाडी वळणावर गेली होती.

म्हणजे सून यायची ती कुत्री आली. त्यांनी ठेवलेलं नाव माझ्या जिभेवर वळेना. मी सहज म्हटलं, या सूनबाई, चहा घेणार का, तर तिने दोन्ही कप पालथे घातले. तेव्हापासून तेच नाव. त्याला आता दोन वर्षं होत आली. मुलगा रविवारी फोन करतो. मी विचारते सून कशी आहे, तो म्हणतो मजेत, मग तो विचारतो कुत्री कशी आहे, मी म्हणते मजेत. बोलणं तिथेच संपतं.

खरी सून सुखरूप असल्याची खात्री करणं भाग आहे, असं म्हणून साहेबांनी मुलाकडून तिचा नंबर घेतला आणि माझ्यासमोर स्पीकरवर फोन लावला. सूनबाई या ठाण्यातल्या बाकाला बांधलेली होती. साहेबांनी विचारलं, "सासूबाईंकडून तुम्हाला काही त्रास?" ती म्हणाली, "मी त्यांच्या घरात कधी गेलेच नाही, त्रास कसला होणार?" मग साहेबांनी हसत हसत सगळा घोळ सांगितला. मग तिने विचारलं, "आई, तिला सूनबाई म्हणता, मग मला काय म्हणता?"

तिला हाक मारायची वेळच कधी आली नव्हती.

मग तिने कुत्रीला जुन्या नावाने हाक मारली. ते नाव कुत्री विसरली अशी माझी पक्की समजूत होती. सूनबाई ताडकन उठली, बाकासकट ओढ घेतली, पट्टा तोडला आणि टेबलाखाली, कपाटामागे, महिला शिपायांच्या मागे, सगळीकडे त्या आवाजाचं माणूस शोधत सुटली. शेवटी टेबलावर चढून फोनला नाक लावून रडायला लागली. माझ्याकडे तिने एकदाही पाहिलं नाही. मला फार वाईट वाटलं. हे जबाबात लागत नाही असं हवालदार म्हणाले. मी म्हटलं, लागतं, लिहा.

सुनेने सांगितलं की तिकडे त्यांनी अंगण असलेलं घर घेतलं आहे, कुत्रीचे कागदही झाले आहेत, पुढच्या महिन्यात न्यायला येणारच होते. मी म्हटलं, ने बाई, तुझीच आहे. फोन ठेवताना ती पुन्हा "येते हं आई" म्हणाली. या खेपेला ती खरंच येणार आहे. चहा घेतल्याशिवाय जाऊ देणार नाही, हे मी तिला सांगायला विसरले.

तक्रारदार नर्सबाई दुपारी ठाण्यात आल्या. त्यांना रडू आवरत नव्हतं. त्या म्हणाल्या, "काकू, मला काही समजेचना. दिवसभर कोंडीन, बांधीन चाललेलं असतं आणि संध्याकाळी जेवताना तिलाच सगळं सांगत बसता, कोणतं गिऱ्हाईक काय म्हणालं, गेलेल्या काकांना कोणती भाजी आवडायची. वाटायचं, ही सून एका शब्दाने का उत्तर देत नाही?" मी त्यांना पाण्याचा पेला दिला. माझं बोलणं माणसाच्या कानावर पडत होतं हे मला आजच कळलं. आधी माहीत असतं तर जरा बरं बोलले असते.

नर्सबाईंविरुद्ध माझी काही तक्रार नाही. त्यांनी माझ्यासारख्या सासवांवर असाच कान ठेवावा. एवढंच सांगायचं आहे की पुढच्या महिन्यानंतर माझ्या घरातून बोलण्याचा आवाज येणार नाही, नुसता मशीनचा येईल. एखाद्या दिवशी तोही आला नाही, तर त्यांनी ठाण्यापर्यंत चालत येऊ नये, खाली उतरून सरळ आत यावं. कडी भरून मिळण्याबद्दल मी वर म्हटलं आहे, ते खोडावं.

हा जबाब हवालदारांनी मला सावकाश वाचून दाखवला, तेवढा वेळ सूनबाई माझ्या मांडीवर होती. सुरुवातीच्या "एकटी राहते" या वाक्यावरची हरकत मी मागे घेते. बाकी सगळं मी सांगितलं तसंच उतरलं आहे आणि ते बरोबर आहे.