कप्तानाच्या टोपातलं घरटं

रत्नागिरी स्टँडवर शालन मुंबईच्या तिकिटाच्या रांगेत उभी होती, पायाशी जड गाठोडं. नवऱ्याने मुंबईहून निरोप धाडला होता, 'गावकीच्या खोलीत आम्ही बारा बाप्ये झोपतो, तू येऊ नको.' म्हणून तर ती निघाली होती. रांगेत तिच्यापुढे बोटीवर जेवण रांधणारा रामजी मेव्हण्याला सांगत होता.

"युरपात एक कुरव, समुद्रावरचं पाखरू, आमच्या बोटीमागे लागला. मी मासळीची मुंडकी टाकायचो ना!"

"नि अख्खा समुद्र ओलांडलान?"

"अमेरिकेपर्यंत! वाटेत कप्तानाच्या डोक्यावरचा केसांचा टोप उचललान."

"म्हणजे कप्तान टकला?"

"तेव्हाच कळलं सगळ्यांना. हसू दाबताना माझी डाळ करपली."

"नि पाखरू?"

"तिथले कुरव त्याला टोचून हाकलायचे. पण हटला नाय. पुढल्या खेपेला बघतो, तर बंदरात गोदामाच्या छपरावर कप्तानाचा टोप, नि टोपात अंडी!"

"नर अंडी घालतो होय रे? थापाड्या!"

"त्याची मादी मागनं आली, दुसऱ्या बोटीमागे."

शालनला राहवेना. "दादा, तिला कुणी बोलावलं होतं?"

"बोलावतंय कोण गो बाय? आली नि बसली."

"मग त्याने काय केलान?"

"काय करतोय? सरकला."

खिडकी आली. "एक मुंबई," शालन खणखणीत म्हणाली.

रामजीने तिचं गाठोडं उचलायला हात घातला नि कळवळला. "काय गो, दगड भरलेस?"

"पाटा-वरवंटा. कप्तानाचा टोप मला कुठला मिळायला? मी हाच मांडीन."