वारा पंधरा

पायलट: उभे काय राहिलात, मास्तर? बसा. खुर्चीवरचा टॉवेल माझाच आहे, इकडे द्या.

रेडिओवाला: डॉक्टर काय म्हणाले?

पायलट: गळ्याखालचं हाड मोडलंय, दोन बरगड्यांना तडा. उद्या घरी सोडतात, सहा आठवडे पडून राहायचं. आणि विमान?

रेडिओवाला: विमान गेलं, साहेब. डावा पंख मुळापासून उखडला. चाक कुंपणापलीकडे सापडलं.

पायलट: तीस वर्षं जपलं हो. उतरताना आडव्या वाऱ्यानं उचललं आणि आपटलं. भर मैदानात नाक कापलं माझं.

रेडिओवाला: चार वाजता चौकशी अधिकारी येणार आहेत. त्याआधी तुम्हाला एक सांगायचंय. म्हणून नोंदवही घेऊनच आलो.

पायलट: सांगा की. तोंड का एवढंसं झालंय?

रेडिओवाला: काल रेडिओवर मी वारा पंधरा सांगितला. पंधरा नव्हता. काटा बावीसवर होता.

पायलट: हं.

रेडिओवाला: तुमच्या विमानाला आडवा वारा सतरापर्यंतच झेपतो, मला पाठ आहे ते. बावीस म्हणालो असतो तर तुम्ही पलीकडच्या मैदानावर गेला असतात. तिथे वारा समोरून होता. सुखरूप उतरला असतात.

पायलट: मग का नाही म्हणालात?

रेडिओवाला: शनिवार होता ना.

पायलट: म्हणजे?

रेडिओवाला: आठवडाभर त्या खोलीत मी आणि रेडिओची खरखर. शनिवारी तुम्ही उतरता, दोन-दोन कप चहा होतो, बुद्धिबळाचा डाव होतो. गेले दोन शनिवार ढगांमुळे तुम्ही आला नाहीत. काल सकाळीच दूध आणलं होतं, मोहरी मांडली होती. वाटलं, खाली येईपर्यंत पडेल वारा. अक्कल कुठे गेली होती कोण जाणे. जीव घेतला असता मी तुमचा.



पायलट: मास्तर, खांबावरची वाऱ्याची पिशवी मला वरून दिसते. ताठ आडवी झाली होती. पंधराला ती अर्धी लोंबते. मी काय काल उडायला शिकलो?

रेडिओवाला: तुम्हाला कळलं होतं? मग उतरलात कशाला?

पायलट: पलीकडे रेडिओवर माणूसच नसतो. उतरा, विमान बांधा, घरी जा. आणि घरी काय? ही गेल्यापासून भिंतींशी बोलतोय. तुम्ही वारा सांगता आणि मग हळूच विचारता, 'आलात का?' आठवड्यातून तेवढं एकदाच कुणी मला तसं विचारतं.

रेडिओवाला: नियमात नाही ते.

पायलट: म्हणून तर ऐकायला येतो. आता माझं ऐका. वहीत लिहा, बावीस सांगितला, म्हाताऱ्यानं ऐकलं नाही. माझा परवाना जाईल, जाऊ दे. उडणं सोडा म्हणून मुलगी कधीची मागे लागलीय. तुम्ही नोकरी कशाला घालवता?

रेडिओवाला: लिहून झालंय. खाली बाकावर बसूनच लिहिलं. 'सांगितला पंधरा, होता बावीस.' पेनानं.

पायलट: वेड लागलंय का तुम्हाला? हाकलतील! तुमच्या जागी दुसरा कुणी येईल.

रेडिओवाला: येऊ दे. तो आकडा तरी खरा सांगेल.

पायलट: आणि मी? मी शनिवारी काय करायचं?

रेडिओवाला: ...तुमच्या घरापर्यंत बस येते का?

पायलट: कोपऱ्यापर्यंत येते. तिथून निळं फाटक. का?

रेडिओवाला: पट आणि मोहरी माझीच आहेत. ती काही जमा करावी लागणार नाहीत. शनिवारी अकरापर्यंत पोचेन.

पायलट: मला उठून दार उघडता येणार नाही हां. मुलीला सांगेन, जाताना नुसतं लोटून ठेव.

रेडिओवाला: ठेवा. ढकलून येईन.

पायलट: फाटक वाजलं की मी आतूनच विचारीन.

रेडिओवाला: काय?

पायलट: आलात का?